मागचा लाल ठिपका : सायकलस्वाराच्या 'दिसण्या'चा इतिहास

प्रस्तावना

तुमच्या गावात, कॉलेजच्या सायकल स्टँडवर किंवा दूधवाल्याकडे जुन्या पद्धतीची, मधल्या आडव्या दांडीची काळी सायकल असेल, तर तिचे मागचे मडगार्ड एकदा नीट पाहा. सगळी सायकल काळी, पण मडगार्डच्या खालच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा पट्टा आणि त्यात बसवलेला लाल रिफ्लेक्टर, अशी रचना बहुतेक वेळा दिसेल. बरेच जण तो पांढरा पट्टा शोभेसाठी असावा असे समजतात. प्रत्यक्षात तो जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये झालेल्या एका कायदेशीर तडजोडीची खूण आहे.

ती तडजोड कशाबद्दल होती, हे या व्याख्यानात पाहायचे आहे. रात्री रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याने 'दिसले पाहिजे' यात कोणाचे दुमत नव्हते. वाद होता तो पुढच्या प्रश्नावर : दिसणे हे सायकलस्वाराचे काम, की पाहणे हे मोटारचालकाचे काम? दिवा, रिफ्लेक्टर आणि हाताचा इशारा या तीन साध्या गोष्टींचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला वेगवेगळ्या काळात दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

१. १८८८ : पुढे दिवा आणि हाताशी घंटा

१८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सेफ्टी सायकल बाजारात आणली. जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, म्हणजे आजच्या सायकलचाच आराखडा. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यातले वाहन होण्याच्या वाटेला लागली.

त्याच १८८८ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टमध्ये, कलम ८५ अन्वये, इंग्लंड आणि वेल्समध्ये सायकलला 'गाडी'चा दर्जा मिळाला. हा सायकलस्वारांचा मोठा विजय होता, कारण रस्त्यावर चालण्याचा तिचा हक्क आता वादातीत झाला. हक्काबरोबर दोन बंधने आली. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत पुढच्या दिशेला प्रकाश टाकणारा दिवा हवा, आणि गाडी, घोडा किंवा पादचाऱ्याला ओलांडताना घंटा किंवा शिट्टी वाजवून सूचना द्यायला हवी.

या कायद्यात मागच्या दिव्याचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा रस्त्यावरची सर्वांत वेगवान गोष्ट बहुधा सायकलच होती. कायद्याला काळजी होती ती सायकलमुळे इतरांना होणाऱ्या धोक्याची. सायकलला मागून कोणी येऊन धडकेल, ही शक्यता अजून रस्त्यावर आलेलीच नव्हती.

दिव्याचे तंत्रही तेव्हा बाल्यावस्थेत होते. उंच चाकाच्या जुन्या सायकलींवर तेलाचा दिवा चाकाच्या आत, आसाला लटकवत. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांचा 'किंग ऑफ द रोड' हा दिवा याच प्रकारचा होता. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळताना लख्ख पांढरा उजेड देतो. पण वारा, खड्डे आणि काजळी यांमुळे दिवा विझणे ही नेहमीचीच गोष्ट होती. पुढचा दिवा विझला तर स्वाराला लगेच कळते. मागचा विझला तर? या प्रश्नाकडे पुढे यावेच लागेल.

२. मागून येणारी मोटार

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत वेगाची उतरंड उलटी झाली. मोटार सायकलपेक्षा कितीतरी वेगाने धावू लागली आणि धोका मागून येऊ लागला. आता मोटारचालकांच्या संघटनांनी मागणी केली की सायकलला मागे लाल दिवा सक्तीचा करा.

सायकलस्वारांच्या जुन्या संघटनेने, म्हणजे १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने, या सक्तीला अनेक वर्षे विरोध केला. आज हे विचित्र वाटेल. आपल्याच सुरक्षेला विरोध कशासाठी? पण त्यामागचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे.

पहिला मुद्दा तत्त्वाचा. समोर जे काही आहे त्याला धडक न देण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची आहे. रस्त्यावर पादचारी असतो, गुरेढोरे असतात, पडलेले झाड असते, त्यांच्या पाठीला दिवा नसतो. म्हणून चालकाने आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल अशाच वेगाने गाडी चालवायला हवी.

दुसरा मुद्दा तंत्राचा. मागचा दिवा विझला तर पुढे पाहत चाललेल्या स्वाराला ते कळत नाही. जो चालक लाल दिवा दिसेल या भरवशावर वेग ठेवतो, त्याच्यापुढे विझलेल्या दिव्याची सायकल अधिकच असुरक्षित होते.

तिसरा मुद्दा कायद्याचा, आणि खरी झळ बसायची ती इथेच. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात जखमी व्यक्तीचाही निष्काळजीपणा अपघाताला कारण ठरला, तर तिची नुकसानभरपाई पूर्णपणे नाकारली जाऊ शकत असे. दोष दोघांत वाटून घेण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. अशा परिस्थितीत 'दिवा नव्हता' हे दोन शब्द मोडलेल्या पायाच्या मजुराला रिकाम्या हाताने घरी पाठवू शकत होते.

३. तडजोड : आधी रिफ्लेक्टर, मग पांढरा पट्टा

१९२७ च्या रोड ट्रान्सपोर्ट लायटिंग ॲक्टने मधला मार्ग काढला. मोटारींना मागचा लाल दिवा सक्तीचा झाला. सायकलला मात्र पर्याय मिळाला : लाल दिवा किंवा लाल रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टर स्वस्त, त्याला तेल लागत नाही की बॅटरी, आणि तो विझत नाही. वादाच्या दोन्ही बाजूंना तो थोडाथोडा पटला.

पण रस्त्यावरील मृत्यू वाढतच होते. १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये रस्ते अपघातांत ७,३४३ माणसे मरण पावली. त्या वर्षीच्या रोड ट्रॅफिक ॲक्टमधून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची वेगमर्यादा आणि नव्या चालकांसाठी परीक्षा या तरतुदी आल्या, ज्या १९३५ मध्ये लागू झाल्या. सायकलस्वाराच्या वाट्याला काय आले? मागे दिवा नसेल तर रिफ्लेक्टरबरोबर मडगार्डवर पांढरा पृष्ठभाग.

आपल्या काळ्या सायकलवरचा पट्टा तो हाच. स्वातंत्र्यानंतर भारतात सायकलचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स आणि आसनसोलला सेन-रॅले हे थेट इंग्लिश कंपन्यांच्या सहकार्याने सुरू झाले. सोनिपत आणि लुधियाना येथील कारखान्यांनीही तोच रोडस्टर आराखडा स्वीकारला. आराखड्याबरोबर पांढरा पट्टाही आला. कायदा इंग्लंडचा होता. मडगार्ड आपले झाले आणि पट्ट्याचे कारण मात्र मागेच राहिले.

४. ब्लॅकआउट आणि १९४५

१ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. रस्त्यांवरचे दिवे बंद आणि मोटारींच्या पुढच्या दिव्यांवर झाकणे. रिफ्लेक्टरला स्वतःचा प्रकाश नसतो, तो फक्त आलेला प्रकाश परत पाठवतो. मोटारीचा दिवाच झाकला गेला तर परत काय पाठवणार? तडजोडीतला हा कच्चा दुवा एका रात्रीत उघडा पडला आणि सायकलला मागचा लाल दिवा सक्तीचा झाला.

ब्लॅकआउटमध्ये रस्त्यावरील मृत्यू प्रचंड वाढले. १९४१ या एका वर्षात ते ९,००० च्या वर गेले. सरकारने रस्त्यांच्या कडा आणि झाडांचे बुंधे पांढरे रंगवले, लोकांना अंधारात दिसेल असे काहीतरी पांढरे अंगावर ठेवायला सांगितले आणि फेब्रुवारी १९४० पासून वस्तीच्या भागात रात्रीची वेगमर्यादा ताशी २० मैलांवर आणली. म्हणजे दिसण्याची सोय वाढवली आणि वेगही कमी केला. या दोन्ही गोष्टी एकत्र कराव्या लागल्या, हे इथे विशेष लक्षात ठेवावे.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, सायकलींसाठीच्या स्वतंत्र लायटिंग कायद्याने मागचा दिवा कायमचा सक्तीचा झाला. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला. त्यानुसार जखमी व्यक्तीचा काही दोष असला तरी तिची भरपाई पूर्ण नाकारायची नाही, तर दोषाच्या प्रमाणात कमी करायची, हे तत्त्व आले. हे दोन कायदे वेगवेगळ्या हेतूंनी झाले. तरीही सायकलस्वाराच्या बाजूने पाहिले तर एकाने त्याच्यावर बंधन घातले आणि दुसऱ्याने त्या बंधनातील चुकीची शिक्षा माफक केली. शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या दोन कायद्यांचा एकत्रित अर्थ कळत नाही.

५. रिफ्लेक्टर नेमके काय करतो?

आता थोडे भौतिकशास्त्र. साधा आरसा प्रकाश दुसऱ्या दिशेला फेकतो. सायकलचा रिफ्लेक्टर मात्र प्रकाश जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतो. प्लास्टिकच्या लाल तुकड्याच्या मागच्या बाजूला बारीक कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्यात एकमेकांना काटकोनात असलेली तीन पृष्ठे असतात आणि तिन्हींवरून परावर्तित झालेला किरण मूळ दिशेला समांतर परत जातो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेला लेसर परावर्तक याच तत्त्वावर चालतो.

याचा अर्थ असा की रिफ्लेक्टर फक्त त्यालाच दिसतो ज्याच्या डोळ्यांजवळ दिवा आहे आणि ज्याच्या दिव्याचा झोत सायकलवर पडला आहे. सरळ मागून येणाऱ्या मोटारीसाठी हे उत्तम. पण चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्या मोटारीचा झोत तुम्ही तिच्या अगदी समोर येईपर्यंत तुमच्यावर पडतच नाही. पादचाऱ्याला तर रिफ्लेक्टर दिसतच नाही.

अंतराचा हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. आपल्याकडे रस्त्याच्या आराखड्यात प्रतिक्रियेसाठी २.५ सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी सुमारे ४२ मीटर पुढे जाते. घर्षण गुणांक ०.३६ धरला तर ब्रेक लागून थांबेपर्यंत आणखी ३९ मीटर. एकूण साधारण ८० मीटर. खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस पुष्कळदा यापेक्षा कमी अंतरावर नजरेस पडतो. इथे रिफ्लेक्टर उपयोगी पडतो आणि दिवा त्याहून जास्त. पण याच समीकरणाची दुसरी बाजूही वाचा. वेग ताशी ४० केला तर हेच अंतर जवळजवळ निम्म्यावर, सुमारे ४५ मीटरवर येते. सायकलवर एकही वस्तू न लावता धोका कमी झाला.

अमेरिकेत हा वाद १९७० च्या दशकात पुन्हा पेटला. १९७६ पासून तिथे नव्या सायकलींवर पुढे, मागे, पॅडलवर आणि चाकांच्या बाजूंना परावर्तक बसवणे बंधनकारक झाले. दिवा मात्र सायकलबरोबर देण्याची सक्ती नव्हती. जॉन फॉरेस्टर या सायकलस्वार अभियंत्याने नियमांना न्यायालयात आव्हान दिले. १९७७ च्या निकालात काही तरतुदी टिकल्या आणि काही रद्द झाल्या. त्यांचा मुख्य आक्षेप होता की इतके परावर्तक पाहून लोकांना दिव्याची गरज नाही असे वाटेल.

त्या नियमांतला पॅडलवरचा परावर्तक मात्र विशेष उपयोगी ठरतो. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसन यांनी दाखवले की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले, तरी ते हलताच पाहणाऱ्याला 'हा माणूस आहे' हे क्षणात ओळखता येते. वरखाली होणारे पॅडलचे दोन ठिपके नेमके हेच सांगतात. स्थिर लाल ठिपका 'काहीतरी आहे' एवढेच सांगतो.

६. हाताची भाषा कोणाची?

दिवा 'मी इथे आहे' असे सांगतो. 'मी आता वळणार आहे' हे सांगायला हात लागतो. ब्रिटनमध्ये १९३१ मध्ये हायवे कोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात हाताच्या इशाऱ्यांची चित्रे होती. भारतात १९८९ च्या रस्त्याच्या नियमांसंबंधीच्या विनियमांत हेच इशारे होते. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा बाहेर काढायचा. डावीकडे वळताना उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. थांबताना उजवा कोपरापासूनचा हात सरळ वर धरायचा.

डावीकडे वळायला उजवा हात का? कारण मोटारचालक उजव्या खिडकीशी बसतो आणि त्याचा डावा हात बाहेरच्यांना दिसत नाही. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून तिथे डावा हात कोपरात वर मोडला की 'उजवीकडे वळतो' असा अर्थ होतो. जवळजवळ आपल्या 'थांबतो' या इशाऱ्याचे आरशातले रूप, पण अर्थ वेगळा.

म्हणजे ही भाषा मोटारीच्या खिडकीने घडवली. सायकलस्वार खिडकीत बसत नाही. डावीकडे वळताना त्याने सरळ डावा हात आडवा करणे हे सर्वांत स्पष्ट. मोटारींना विजेचे इंडिकेटर आले, तशी चालकांची हाताचे इशारे देण्याची आणि वाचण्याचीही सवय कमी होत गेली. सायकलस्वाराकडे मात्र तेवढेच साधन उरले. त्याची किंमतही आहे : हात बाहेर काढला की एक ब्रेक सुटतो, आणि अंधारात तो हात फारसा दिसतही नाही. म्हणून इशारा वळण्याच्या बराच आधी द्यावा, मागे वळून पाहावे, मग हात पुन्हा मुठीवर आणून वळावे.

७. भारतातली सायकल : कायद्याच्या कडेला

भारतात १९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्राने चालणाऱ्या वाहनांपुरता आहे. सायकलचा दिवा, घंटा या गोष्टी प्रामुख्याने राज्यांचे पोलीस कायदे आणि स्थानिक नियम यांच्याकडे राहिल्या. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यासारख्या ठिकाणी दिव्याशिवाय सायकल चालवणे हा एके काळी हटकून दंडाचा विषय होता. दिवेलागणीनंतर पोलीस दिसला की खाली उतरून सायकल हातात धरून चालणे हा तिथल्या जुन्या पिढीच्या आठवणींतला नेहमीचा प्रसंग.

तेलाच्या दिव्यानंतर डायनमो आला. सहसा ६ व्होल्ट, ३ वॅट. टायरवर घासून फिरणाऱ्या या डायनमोची अडचण अशी की सायकल थांबली की दिवा विझतो. चौकात, म्हणजे दिसण्याची गरज सर्वाधिक तिथेच अंधार. एलईडी आणि विद्युत धारित्र यांनी हा प्रश्न आता सोडवला आहे. थोडी ऊर्जा साठवून थांबल्यावरही काही मिनिटे दिवा चालू राहतो.

२०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. चांगला रिफ्लेक्टर मिळणे ही आवश्यक गोष्ट आहे. पण १९३९ चा धडा विसरू नये : रिफ्लेक्टर म्हणजे दिवा नव्हे.

हा विषय किती लोकांचा आहे? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत सायकलस्वारांचा वाटा साधारण ३ टक्के. रात्रपाळीहून परतणारा कामगार, पहाटे पेपर टाकणारा मुलगा, संध्याकाळी क्लासहून येणारी शाळकरी मुलगी, असे हे सायकलस्वार असतात. त्यांच्यापैकी अनेकांसाठी सायकल हा छंद नाही, दुसरे वाहन नसणे हे कारण आहे.

८. समारोप

या इतिहासातून एक ठाम गोष्ट हाती लागते. 'दिसण्या'ची प्रत्येक साधनसामग्री जबाबदारीचे एक वाटप ठरवते. दिव्याचा खर्च आणि काळजी स्वाराकडे. रिफ्लेक्टरचा अर्धा भार समोरच्याच्या हेडलाइटवर. वेगमर्यादेचा भार चालकावर. रस्त्यावरच्या दिव्यांचा भार नगरपालिकेवर. यांपैकी फक्त पहिल्याचीच चर्चा होते, तेव्हा उरलेल्यांची सुटका होते.

म्हणून दिवा लावाच. तत्त्व तुमच्या बाजूने असले तरी धडक तुमच्या अंगाला बसते. पण दिवा नसणे आणि अपघाताचे कारण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुचाकीवर तिघे बसले होते अशा एका अपघाताच्या दाव्यात सांगितले की केवळ नियमभंग झाला म्हणून जखमीचा दोष ठरत नाही, त्या भंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून असे तत्त्व आहे की ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी जास्त. सायकलस्वारांचा शंभर वर्षांपूर्वीचा युक्तिवाद असा उशिरा का होईना, नियमपुस्तकात पोहोचला.

तुमच्यापैकी काही जण उद्या रस्ते आखतील, काही वाहनांचे दिवे बनवतील, काही अपघाताच्या तांत्रिक चौकशीत बसतील. चौकशीच्या अर्जात 'सायकलला दिवा होता का?' हा रकाना असेलच. त्याच्याशेजारी 'मोटारीचा वेग किती होता?', 'रस्त्यावरचा दिवा चालू होता का?' हे रकानेही भरलेत, तर या व्याख्यानाचा उपयोग झाला असे समजेन.

स्वाध्याय

१. मोटार ताशी ६० आणि पुढची सायकल त्याच दिशेने ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे. मोटारचालकाने सायकलच्याच वेगावर येणे पुरेसे आहे असे धरून, धडक टाळण्यासाठी दोघांत किमान किती अंतर हवे? प्रतिक्रियेचा काळ २.५ सेकंद, घर्षण गुणांक ०.३६ घ्या.

२. तुमच्या कॉलेजच्या स्टँडवरील २० सायकली तपासा. किती सायकलींना चालू दिवा, स्वच्छ रिफ्लेक्टर आणि पॅडलवर परावर्तक आहेत? तक्ता करा.

३. १९२७ ची तडजोड योग्य होती का? सायकलस्वार, मोटारचालक आणि न्यायाधीश अशा तीन भूमिकांतून प्रत्येकी पाच ओळींत उत्तर लिहा.

४. तुमच्या गावातील एक चौक निवडा. आडव्या रस्त्याने येणाऱ्या चालकाला सायकलस्वार केव्हा दिसतो, हे आकृती काढून दाखवा आणि एक सुधारणा सुचवा. सुधारणेचा खर्च कोण करील, तेही लिहा.